गिरणीचा पट्टा सारखा घसरतोय? नवा घ्यायच्या आधी पुलीची खाच बघा

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, दोन दिवसांवर आलेली. गिरणीपुढं ज्वारी-बाजरीचे डबे रांगेला लागलेले. आणि नेमकं त्याच सकाळी आतून पट्टा केकाटतो, दगड मंदावतो, पीठ जाडंभरडं पडायला लागतं. लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही गिरणीवाल्याला विचारा, हे दुखणं त्याला तोंडपाठ असतं.

आमची गिरणी औसा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मागच्या वर्षी सात महिन्यांत मी तीन वेळा पट्टे बदलले. दर वेळी पंधरा-वीस दिवस झकास जायचे, मग पुन्हा रांगेतनं कुणीतरी म्हणायचं, "दादा, तुमचा पट्टा वरडायलाय की." शेवटी खोट सापडली ती पट्ट्यात नव्हतीच. ती शोधताना काय काय चुकलो तेही लिहितो, कारण त्याच चुका तुम्हीही करत असणार. कडबाकुट्टी, मळणीयंत्र, रसवंतीचा चरक, जिथं जिथं व्ही पट्टा चढतो तिथं हे लागू पडेल.

आमचा जोड असा आहे: मोटर १० एचपी, मिनिटाला १४४० फेरे. तिची पुली ५ इंची, गिरणीची पुली १२ इंची, म्हणजे दगड मिनिटाला ६०० फेरे घेतो. मधे तीन बी मापाचे व्ही पट्टे.

खरंच पट्टा घसरतोय का, हे आधी ठरवा

दगड मंदावला की आपण सरळ पट्ट्याला दोष देतो. पण कधी कधी मोटरच दबलेली असते. तिचा आवाज ऐका. मोटर जड हुंकार देत असेल आणि दगडाबरोबर तीही मंद झाली असेल, तर भार जास्त आहे किंवा व्होल्टेज पडलंय. व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर नुसता तेवढाच कमी होत नाही, त्याच्या वर्गाच्या हिशेबात कमी होतो. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट आले तर जोर साधारण ७१ टक्केच उरतो. संध्याकाळी सगळ्या शेतातल्या मोटरी चालू असताना आमच्याकडं हे नेहमीचं. तिथं पट्टा बदलून काही उपयोग नाही.

मोटर मात्र हलकी, मोकळी पळतेय आणि दगड मागं पडतोय, चिरका आवाज येतोय, रबर जळाल्याचा वास येतोय, तर पट्टा घसरतोय हे नक्की. गिरणी बंद करा, फ्यूज काढून खिशात टाका (बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नका, गर्दीत कुणीही येऊन बटण दाबतं), आणि छोट्या पुलीजवळ हाताची पालथी बाजू न्या. घसरणाऱ्या पट्ट्याची पुली चांगलीच तापलेली असते. तापणारच. १० एचपी म्हणजे साडेसात किलोवॅट. पट्टा दहा टक्के घसरला तर त्यातले साडेसातशे वॅट निव्वळ पट्टा आणि पुली तापवण्यात जातात. म्हणजे कपड्याची इस्त्री चालू करून पुलीला टेकवून ठेवल्यासारखं झालं. रबर किती दिवस टिकणार?

चालू करताना सेकंद-दोन सेकंद चिरकला तर तो रोग नाही. त्याबद्दल शेवटी सांगतो.

मी केलेले उद्योग

पहिल्यांदा राळ लावली. सारंगीवाले गजाला लावतात तीच. लावली की पट्टा धरतो, आपल्याला वाटतं झालं काम. चार दिवसांनी राळेत पीठ बसतं, पट्ट्याच्या कडेवर काचेसारखा कडक थर चढतो आणि आधीपेक्षा जास्त घसरतो. वडिलांच्या काळात डिझेल इंजिनावर रुंद सपाट पट्टा होता, त्याला राळ चालून जायची. व्ही पट्ट्याला राळ, डांबर, मेण, काहीही लावायचं नाही.

दुसऱ्यांदा एका मामांनी छातीठोकपणे सांगितलं, "गूळ चोळ, हालत नाय बग." चोळला. रात्रीतून मुंग्यांनी पुलीपासून पायरीपर्यंत रस्ता केला. सकाळी पट्टा होता तिथंच, आणि घसरत होता तसाच.

तिसरा उद्योग महागात पडला. मोटर मागं सरकवून पट्टा ताणला. घसरला की ताण, पुन्हा घसरला की पुन्हा ताण. पट्टा सतारीच्या तारेसारखा ताठ झाला, आणि महिन्याभरात मोटरचं पुलीकडचं बेअरिंग किरकिरायला लागलं. ते बदलायला रिवायंडिंगवाल्याकडं मोटर तीन दिवस पडून होती, आणि तीन दिवस सगळ्या गावाचं दळण शेजारच्या गावात गेलं.

ताण किती असावा याचं माप सोपं आहे. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्यानं बेतानं दाबायचा. मधल्या मोकळ्या अंतराच्या दर १०० मिमीला १.६ मिमी दबला पाहिजे. आमचं अंतर ६५ सेंमी, म्हणजे १० मिमीच्या आसपास. नवा पट्टा चढवला की एक-दोन दिवस चालल्यावर तो थोडा सैल पडतो. तेव्हा एकदा ताण पुन्हा बघायचा. त्यापुढं दर आठवड्याला ताणावा लागत असेल, तर खोट दुसरीकडं आहे असं खुशाल समजा.

"रुंद पट्टा टाक, जास्त धरील" असंही दोघांनी सांगितलं. ऐकायला पटतं. पण घर्षण दोन पृष्ठं एकमेकांवर किती जोरानं दाबली आहेत यावर ठरतं, किती रुंद टेकली आहेत यावर नाही. आमोंताँ नावाच्या फ्रेंच माणसानं हे १६९९ साली मांडलं, पुढं १७८५ मध्ये कुलोमनं त्याची नीट तपासणी केली, आणि लिओनार्डो दा विंचीच्या टिपणवह्यांत तर ते त्यांच्याही दोनशे वर्षं आधीपासून होतं. वीट आडवी ठेवून ओढा नाहीतर उभी ठेवून, जोर जवळपास तेवढाच लागतो. रबर हा नियम अगदी काटेकोर पाळत नाही हे खरं, पण तेवढ्या फरकानं आपली गिरणी चालणार नाही. रुंद पट्टा जास्त ताण सोसतो, तुटत नाही, हा त्याचा गुण. घसरायचं थांबवणं हा त्याचा गुण नव्हे.

पट्टा पकडतो तरी कसा

विहिरीत मोटर सोडताना बघितलंय का? ऐंशी किलोचं धूड. कडुलिंबाच्या बुंध्याला दोराचे दोन वेढे दिलेले, आणि एकटा माणूस गप्पा मारत दोर सैल सोडतोय. वेढा नसेल तर चौघं लागतील. दोर आणि साल यांचा घर्षणांक (एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा) ०.३ धरला, तर एक पूर्ण वेढा ओढ साडेसहा पटीनं कमी करतो आणि दुसरा त्यावर आणखी साडेसहा पटीनं, म्हणजे दोन वेढ्यांत ४३ पट. ऐंशी किलोचं ओझं हाताला दोन किलोच्या आत लागतं. बुंधा जाड का बारीक याचा इथं संबंध येत नाही, दोर किती फिरून आलाय एवढंच बघायचं. हे गणित अठराव्या शतकात ऑयलरनं मांडलं. मारका बैल खुंट्याला बांधणाऱ्यांना ते हातानं माहीत होतं.

पट्ट्याचंही हेच, फक्त त्याला पुलीभोवती पूर्ण वेढा मिळत नाही. आमच्या छोट्या पुलीवर तो साधारण १६५ अंश, म्हणजे अर्ध्या वेढ्याहूनही कमी टेकतो. सपाट पट्टा असता तर घट्ट बाजू आणि सैल बाजू यांच्या ओढीत जेमतेम २.४ पटीचा फरक पेलला असता. म्हणून जुन्या इंजिनांचे पट्टे दहा-दहा फूट लांब आणि ताठ असायचे.

व्ही पट्टा इथं पाचरीची करामत करतो. तो खाचेत तळाला टेकत नाही, दोन्ही भिंतींत रुतून बसतो. लाकूड फोडताना पाचर जशी दोन्ही बाजूंना रेटते, तसा जरा ओढला की भिंतींवर कितीतरी जास्त दाबला जातो. खाचेचा कोन ३६ अंशांचा असेल तर पकड तिपटीहून थोडी जास्त होते, आणि वेढ्याच्या गणितात ती तिप्पट वाढत वाढत २.४ च्या जागी १६ वर जाते. घर्षणांक तोच, रबर तेच, वेढाही तेवढाच.

हे सगळं अवलंबून आहे एका गोष्टीवर: पट्टा भिंतींवर टेकला पाहिजे, तळाला नाही.

खाच

तिसऱ्यांदा पट्टे काढले तेव्हा ओळखीचे एक टर्नरकाका, लेथवर काम करणारे, गिरणीवर दळण घेऊन आले होते. त्यांनी पट्ट्याकडं बघितलंसुद्धा नाही. मोटरची पुली चिंधीनं पुसली, मोबाईलची बॅटरी खाचेत मारली आणि म्हणाले, "तळ बग."

तिन्ही खाचांचा तळ आरशासारखा चमकत होता. चांगल्या पुलीचा तळ काळपट, मळकट असतो, कारण तिथं कुणी टेकतच नाही. चमकायला हव्यात त्या भिंती. आमच्या भिंती सरळ राहिल्याच नव्हत्या, मधे झिजून वाटीसारख्या खोलगट झाल्या होत्या. बोट फिरवलं की वरच्या कडेजवळ पायरी लागायची. नखानं पटकन कळतं ते.

मग पंधरा-वीस दिवसांचं कोडं सुटलं. नवा पट्टा पूर्ण रुंदीचा असतो, त्यामुळं झिजलेल्या खाचेतही तो जरा वर बसतो आणि धरतो. थोडे दिवस चालला, कडा किंचित घासल्या, की तो खाली उतरतो आणि तळाला टेकतो. टेकला की पाचर संपली. आता तो नुसता अरुंद सपाट पट्टा. १६ पटीवरून सरळ अडीच पटीच्या आत. मी ताणत होतो तो या फरकाशी झगडत होतो, आणि मार खात होतं बिचारं बेअरिंग.

पुली बिडाची होती. लेथवर खाचा पुन्हा सरळ करून मिळतात, पण मांस, म्हणजे धातूची जाडी, पुरेसं असेल तरच. आमच्या पुलीत ते नव्हतं, म्हणून नवी घेतली. घेताना कोन बघून घ्या: बी पट्ट्याच्या स्वतःच्या बाजू ४० अंशांच्या असतात आणि पुलीची खाच मात्र ३४ ते ३८ अंशांची, लहान पुलीला कमी. ही चूक नाही. पट्टा वळताना आतून फुगतो, त्याचा कोन बदलतो, त्याची सोय केलेली असते. तिन्ही पट्टे एकदमच बदला. एक नवा आणि दोन जुने ठेवले तर नवा एकटाच सगळा भार ओढतो. आणि चढवताना पहारीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. मोटर पुढं घ्या, पट्टा हातानं बसवा, मग मोटर मागं.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळीनं बघा. दोन्हींच्या बाहेरच्या तोंडावरून सुतळी ताणून धरली की ती चारही कडांना टेकली पाहिजे. आमची मोटर तीन वेळा सरकवून सरकवून तिरकी झाली होती. त्यामुळं पट्ट्याची एकच कड खाल्ली जात होती.

पण पुली झिजली कशामुळं?

इथपर्यंत येऊन थांबलो असतो तर दोन वर्षांत नवी पुलीही गेली असती. बिडाची पुली रबरानं अशी झिजत नाही. वायरमनकाकांना बोलावून टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा, लावला. १० एचपीच्या मोटरला पूर्ण भारावर १४ अँपिअरच्या आसपास लागायला हवेत. आमचा काटा ज्वारी दळताना १८ वर.

कारण दगड. टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं दगडाचे चर पुन्हा धारदार करायचं, मी टाळत होतो. हंगाम चालू, रांग लागलेली, दगड उचलून अर्धा दिवस टाकी कोण लावत बसणार? टाकीचे चर बोथट झाले की दगड दाणा कापत नाही, नुसता चोळतो. पीठ जाडं पडतं, बायका बोलतात, म्हणून आपण चाक फिरवून दगड आणखी जवळ घेतो. दाब वाढला की घर्षण वाढलं, पीठ हाताला चटका देईल इतकं गरम, आणि तो सगळा भार पट्ट्यावर. पट्टा घसरतो. घसरताना पुलीत उडालेलं पीठ आणि खळ्यावरून दाण्याबरोबर आलेली बारीक खर घासली जाते. झाला पॉलिश पेपर तयार.

म्हणजे गिरणीत घर्षण तीन जागी, आणि तिन्हीकडं त्याचं माप वेगळं. दगडात हवं, पण बेतानं. बेअरिंगमधे जवळजवळ नको. पट्ट्यावर भरपूर. आम्ही दगडातलं वाढू दिलं, ते पट्ट्याला झेपेना, म्हणून पट्ट्याला ताणून बेअरिंगमधलंही वाढवलं. टाकी लावली, काटा १३ वर आला. आता ज्वारीच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी लावतो, रांग असो नसो.

बेअरिंगबद्दल एवढंच: ग्रीस जास्त भरलं म्हणजे चांगलं, हा गैरसमज. आतली मोकळी जागा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भरली की बस. ठासून भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात आणि बेअरिंग उलट तापतं. वरून जादा ग्रीस सीलमधून बाहेर येऊन उडतं ते थेट पट्ट्यावर. गाडीच्या आसाला वंगण घालणारा आजोबा चार बोटंच लावायचा, ते उगाच नव्हे.

पावसाळ्यात

मृग लागला की तक्रारी वाढतात. कोरडं पीठ पुलीवर कॅरमच्या पावडरीसारखं काम करतं, पट्टा त्यावरून सटकतो. दमट हवेत त्याचीच लापशी होते आणि वाळून चकचकीत थर बसतो. पहिल्या पावसात काळ्या रानातून जाताना चप्पल कशी निसटते, तसाच प्रकार: मधे चिकणमातीचा ओला पदर आला की पाय जमिनीला टेकतच नाही. आठवड्यातनं एकदा फ्यूज काढून पुलीच्या खाचा ब्रशनं झाडा, पट्टा कोरड्या फडक्यानं पुसा. फारच मळला असेल तर साबणाचं कोमट पाणी फडक्याला लावून, आणि पूर्ण वाळल्यावरच चालू. रॉकेल, पेट्रोल, डिझेल अजिबात नको, रबर फुगतं. आणि शहाबादी फरशीवर सांडलेलं पीठही झाडून घ्या, दळण घ्यायला आलेल्या एक काकू आमच्याकडं पडता पडता वाचल्यात.

घसरायला लागला तर तसाच रेटू नका. एकदा निसटलेल्या पट्ट्याची पकड टेकलेल्या पट्ट्यापेक्षा कमी असते, आपणहून तो क्वचितच सावरतो. वरून धान्य बंद करा, दगड उचला, पट्ट्यानं पुन्हा धरलं की हळूहळू सोडा. चालू करतानाही दगड उचललेलाच असावा.

पुलीवर जाळी बसवा. पदर, ओढणी, उपरण्याचं टोक, पट्टा काहीही ओढून घेतो, आणि तिथं त्याची पकड कधी सुटत नाही. आमची जाळी वारंवार पट्टा बघायचा म्हणून महिनाभर काढूनच ठेवली होती. आता ती बिजागरीवर आहे.

नव्या पुलीला यंदाच्या येळवसेला अकरा महिने होतील. पट्टे तेच, ताण दोनदा बघितला. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की अजून सेकंदभर चिरकतो, कारण आमचा स्टार्टर मोटरला एकदम पूर्ण जोर देतो आणि दगडाचं धूड लगेच हलत नाही. स्टार-डेल्टा, म्हणजे मोटरला आधी कमी जोर देणारा स्टार्टर, लावला तर तेही जाईल असं वायरमनकाका म्हणतात. अजून लावला नाही. त्या आवाजावर समोरच्या आजींना कळतं गिरणी चालू झाली, आणि त्या डबा भरायला घेतात.